बातमी छापून आणण्याचे शास्त्र

अलीकडे आपल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरांतून एक नवा विषय शिकविला जाऊ लागला आहे: कार्यक्रमाची बातमी वृत्तपत्रांत कशी छापून आणावी. पत्रक एका पानाचे असावे, सोबत छायाचित्र जोडावे, कार्यक्रम सकाळी घ्यावा म्हणजे वार्ताहराला मजकूर वेळेत पाठविता येतो, आणि एखादा नामांकित पाहुणा बोलवावा. पहिल्या तीन सूचनांशी माझे भांडण नाही. चौथीशी आहे, आणि या साऱ्यांमागे दडलेल्या समजुतीशी तर फारच आहे. बातमी येत नाही ती आपल्या अडाणीपणामुळे, आपण पुरेसे चतुर झालो की ती येईल, अशी ही समजूत आहे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आमच्या तालुक्याच्या गावी ऊसतोड मजुरांचा मेळावा भरला. दीडशेच्या आसपास कोयते जमले होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसे मोजण्याचे हे एकक मला अर्थशास्त्राच्या एकाही पाठ्यपुस्तकात भेटले नाही. मुकादमाची उचल, तोडणीचा दर, हंगाम संपल्यावरही न फिटणारी बाकी, यांवर माणसे बोलली. बायका बोलल्या त्या मध्यरात्री गाडी भरण्याविषयी आणि फडात प्यायला पाणी नसल्याविषयी. दुसऱ्या दिवशी एका दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत छायाचित्र आले. त्यात पाहुण्यांना शाल घातली जात होती. खाली व्यासपीठावरील अकरा जणांची नावे होती, त्यांत माझेही होते. तोडणीच्या दराबद्दल एक अक्षर नव्हते. पाहुणा आपणच बोलावला होता. बातमीही मग पाहुण्याचीच झाली.

दुसऱ्या एका दैनिकाचा वार्ताहर मला बाजूला घेऊन म्हणाला, ''सर, बातमी लावतो, पण वर्धापनदिनाच्या अंकाला एक छोटी जाहिरात द्या. मलाही कोटा आहे.'' मी संतापलो. मग त्याला बसवून त्याच्या मिळकतीची चौकशी केली. वेतन नाही, बातमीमागे किरकोळ मानधन आणि जाहिरातीवर कमिशन. गाठलेला कोटा हीच त्याची नोकरी. म्हणजे मेळाव्यात बसलेल्या मजुरांप्रमाणे तोही नगावर काम करणारा मजूर, आणि त्यालाही वर मुकादम आहेच! आपल्या शिबिरांत या माणसाला चहा कसा पाजावा हे शिकवितात. त्याच्या मजुरीचा प्रश्न कोणी काढीत नाही.

वृत्तपत्राच्या अंकाला वाचक जी किंमत देतो तीत तो अंक तयार होत नाही. उरलेला खर्च जाहिरातदार भागवितो. तेव्हा खरा ग्राहक तो, आणि वाचक हा त्याला विकला जाणारा माल. ऊसतोड मजूर जाहिरातदाराचा माल घेत नाही आणि स्वतः जाहिरात देत नाही. कारखान्याच्या अध्यक्षांचा वाढदिवस मात्र पानभर रंगीत जाहिरातींचा असतो. मजुराच्या वाट्याला येणाऱ्या मौनासाठी कटकारस्थान शोधण्याची गरज नाही, खतावणी पुरेशी आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत याच महाराष्ट्रात उमेदवारांसाठी बातम्यांची 'पॅकेजे' ठरली, आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेला २०१० साली 'पेड न्यूज'वर अहवाल काढावा लागला. मोठ्यांनी लाखांत केलेला तो व्यवहार आमच्या तालुक्यात छोट्या जाहिरातीच्या रूपाने होतो, एवढाच फरक.

आमचे तरुण मित्र येथे २०१८ च्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चचा दाखला देतील. दाखला मोठा आहे, पण तो नीट वाचला पाहिजे. ६ मार्चला माणसे नाशिकहून निघाली. राष्ट्रीय म्हणविणाऱ्या वाहिन्यांना ती खऱ्या अर्थाने दिसली ती सुमारे १८० किलोमीटर चालून, तळपाय सोलवटून मुंबईच्या वेशीवर पोहोचल्यानंतर. वनजमिनींच्या दाव्यांची कहाणी त्याआधी कित्येक वर्षे पाड्यापाड्यांवर उघडी पडलेली होती. तिला कॅमेरा मिळाला नव्हता. आणि कॅमेरे परतल्यावर काय झाले? २०१९ आणि २०२३ साली त्याच वाटेवर पुन्हा चालायला निघावे लागले. प्रसिद्धीसाठी गरिबाने दर वेळी रक्त दाखवावे, असा दर आपण मान्य करणार आहोत काय?

मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' काढला तो नगर जिल्ह्यातल्या सोमठाणे या खेड्यातून. पुढे तरवडीहून तो कित्येक दशके निघत राहिला. शहरातल्या संपादकाची मर्जी कशी सांभाळावी, याचा शोध घेत ते बसले नाहीत. आज प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, आणि तरीही आपण पुरवणीतल्या दोन ओळींसाठी शाल-श्रीफळाचा खर्च करतो. पत्रके पाठवू नयेत असे मी म्हणत नाही. अवश्य पाठवावीत, पण मेळावा मजुरांसाठी घ्यावा, छायाचित्रासाठी नव्हे.

यंदाच्या मेळाव्याला आम्ही व्यासपीठ घालणार नाही आणि पाहुणाही बोलावणार नाही. तोडणीचे दर आणि ठराव एका कागदावर छापून आठवडी बाजारात वाटावयाचे ठरले आहे. ठरावांत शेवटचा एक ठराव मी सुचविला आहे: तालुका वार्ताहरांना ठरावीक वेतन मिळावे आणि जाहिरातींचा कोटा रद्द व्हावा. त्या वार्ताहराला मसुदा वाचून दाखविला तेव्हा तो बराच वेळ हसला. मग कागद परत देत म्हणाला, ''सर, ठराव बरोबर आहे. फक्त माझे नाव कुठे येऊ देऊ नका.''