पयलो रिपोर्ट घोवाचो!

मालवण, देवगड, वेंगुर्ले किनाऱ्यावरच्या समस्त ग्रामस्थांस, वाडीवाडीतल्या आयाबायांस आणि विशेषतः लग्न झालेल्या पुरुषांस,

गेल्या पंधरवड्यात आपल्या किनाऱ्यावरच्या एका गावात डोहाळजेवण होतं. ओटी भरायला पुढे झालेल्या एका सुनेला भर मांडवात दंडाला धरून मागे ओढलं. "तू नको गो, तुका पोर नाय!" हे वाईट झालं, हे पटवून देण्यासाठी आम्ही पत्रक काढलेलं नाही. ते तुम्हाला पटलेलंच आहे. आमचा सवाल पुढचा आहे. मूल दोघांना नाही. मग ठपका एकटीवर कोणी ठेवला आणि कुठल्या कागदाच्या आधारावर?

त्या मुलीचे कागद आम्ही तिच्या संमतीने पाहिले. हाताच्या पंजाएवढी जाड फाईल. थायरॉइड, हार्मोन्स, सोनोग्राफ्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया. काही कागद कोल्हापूरचे, काही गोव्याचे. नवऱ्याच्या नावावर मात्र एकच चिठ्ठी: वीर्यतपासणी करून आणा. तिची घडीसुद्धा मोडलेली नाही. सासूबाई म्हणतात, "माझ्या झिलात काय्येक खोट नाय." तपासलंय कोणी?

ही तपासणी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि लॅबने दिलेल्या डबीत नमुना द्यायचा. सुई नाही, भूल नाही, टाका नाही. खर्च काही शेकड्यांचा, फार तर हजाराच्या घरातला. शुक्राणू किती आहेत, हलतात किती, आकार कसा आहे, एवढं त्यातून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांतल्या साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने सापडतं. जाळ्यात मासळी आली नाही तर आपला रापणकार जाळंही बघतो आणि होडीही बघतो. घरात मात्र एकीचंच अंग उसवून बघायचं?

आता नव्या उपचारांकडे या. 1978 साली इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. 1986 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. 1992 पासून 'इक्सी' आलं: एकच शुक्राणू उचलून सुईने बीजांडात सोडायचा. ज्यांच्याकडे मोजके शुक्राणू आहेत अशा पुरुषांना त्यामुळे बाप होता आलं. विज्ञानाचे उपकार आहेतच. पण इक्सीत होतं काय? दोष पुरुषाच्या वीर्यात असला तरी दहा-बारा दिवस सुया टोचून घ्यायच्या बाईने, भूल घेऊन बीजांडं काढून द्यायची बाईने. पोटात पाणी होण्याचा, क्वचित जिवावर बेतण्याचा धोकाही तिचाच. खर्च लाखाच्या पुढे, हमी कसलीच नाही. एवढं सोसणाऱ्या बाईला वर वांझ म्हणायचं!

मूल नको असतं तेव्हा तरी काय वेगळं होतं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री-नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के होतं आणि पुरुष-नसबंदीचं 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, तरी हे आकडे! मूल नको तर बाई टेबलावर, मूल हवं तरी बाईच टेबलावर. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं उलटून गेली आणि पुरुष अजून दवाखान्याच्या दारात चप्पल सांभाळत उभा आहे.

आता नेहमीच्या सबबी.

"तो धडधाकट आहे, समुद्रावर जातो." अंगातली ताकद वेगळी, शुक्राणू वेगळे. सुमारे शंभरात एका पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसतो, आणि त्यातल्या बहुतेकांना वरून बघून काही कळत नाही.

"लग्नाक सात वर्सा झाली." बरं, त्यातले किती दिवस नवरा घरी होता? 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1036 बायका होत्या. पुरुष मुंबईला, गोव्याला, बोटीवर, आखातात. गणपतीला आठ दिवस, शिमग्याला चार दिवस. नियमित सहवास असताना वर्षभर गर्भ राहिला नाही तर वैद्यक त्याला वंध्यत्व म्हणतं. तुम्ही कॅलेंडरची पानं मोजता आणि हिशेब सुनेच्या नावावर मांडता.

"देवाक गाऱ्हाणा घातलाव, कौल घेतलो." घाला गाऱ्हाणं, आमचीही श्रद्धा आहे. पण सुनेला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं याचा कौल घेता, तसा झिलाला कधी न्यायचं याचाही एकदा घ्या.

"रिपोर्ट वाईट आला तर तो खचेल." आणि ती इतकी वर्षं रोज खचते त्याचं काय? शिवाय वाईट रिपोर्ट म्हणजे शेवट नव्हे. अंडकोशाच्या फुगलेल्या शिरांवर उपचार आहेत. दारू, तंबाखू, गुटखा सोडल्याने फरक पडू शकतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. गरज पडली तर दात्याचे शुक्राणू घेण्यातही लाज नाही. लाज आहे ती आत दाता घेऊन बाहेर बायकोला वांझ ठरवू देण्यात.

"घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" मांडवात तिचा दंड धरला तेव्हा चव्हाटा कोणी केला?

कायदाही ऐका. 2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार दोघांच्या लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत, आणि गर्भाशयात भ्रूण सोडेपर्यंत ती संमती मागे घेता येते. म्हणजे एका खेपेनंतर, दोन खेपांनंतर बाई "पुरे" म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. सासरच्या बैठकीत ठरवायची ती बाब नव्हे. दत्तक घ्यायचं की दोघांनीच सुखात राहायचं, हेही त्या दोघांनीच ठरवायचं.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. नवऱ्याचा रिपोर्ट हाती येण्याआधी बायकोच्या अंगाला सुई लागता कामा नये. डॉक्टरांनी जोडप्यातल्या दोघांना एकाच दिवशी बोलवावं. महिला मंडळांनी ठराव करावा की ओटी भरायला प्रत्येक सुनेला मान आहे, पोर असो वा नसो. मुलाचं दुसरं लग्न काढणाऱ्या घराकडे आधी पहिल्या लग्नातल्या नवऱ्याचा कागद मागावा.

आणि नवरे मंडळी, तुम्हाला शेवटचं सांगणं. या आठवड्यात जा. एकटे जा, हवं तर गावाबाहेरच्या लॅबमध्ये जा, पण जा. रिपोर्ट काहीही येवो, तो स्वतःच्या तोंडाने आईला सांगा.

पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या घरात द्या.