हौसेची बोट घेताना

खाडीकाठी घर असले की स्वतःची एक बोट असावी, सुटीत मुलाबाळांना घेऊन फेरफटका मारावा, असे वाटणे साहजिक आहे. आखातातून परतलेला बांधव असो वा चिपळूण-महाडचा व्यापारी, चार पैसे गाठीला जमले की चौकशी सुरू होते. मग दोन बोटी समोर येतात. एक १८ फुटांची, फायबरची, उघडी, मागे पेट्रोलचे आउटबोर्ड इंजिन लावलेली. दुसरी २६ फुटांची, केबिनवाली, पोटात डिझेल इंजिन असलेली. केबिनवाली पाहिली की घरच्या मंडळींचे डोळे दिपतात. आमचे मत मात्र पहिलीच्या बाजूने आहे.

कारण आपल्या खाड्या. दाभोळ असो की बाणकोट, खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते आणि आत ओहोटीला चिखल उघडा पडतो. जड बोट एकदा रुतली की पुढची भरती चढेपर्यंत बायकामुलांसह उन्हात ताटकळत बसावे लागते. आउटबोर्ड इंजिन वर उचलता येते आणि हलकी बोट दोघांनी ढकलली तरी सरकते. बोट बांधून ठेवतानाही इंजिन पाण्याबाहेर राहते, त्यामुळे खारे पाणी त्याला कमी खाते. गोड्या पाण्याने धुणे तेवढे चुकवू नये.

डिझेल स्वस्तात चालते, हा विक्रेत्याचा आवडता मुद्दा. तो खोटा नाही. पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण पाव लिटरहून अधिक पिते, तर डिझेल इंजिन त्याहून बरेच कमी. पण जिथे लहान बोटीला ६० हॉर्सपॉवर पुरतात, तिथे जड बोटीला दुप्पट-तिप्पट लागतात. मग बचत राहिली कुठे? शिवाय पावसाळ्यात बोट बाहेर काढावीच लागते. लहान बोट ट्रॉलीवरून अंगणात येते, मोठीला क्रेन आणि जागा शोधा. धंद्यातले भांडवल वर्षाचे चार महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवणे कोणत्या व्यापाऱ्याला परवडेल? रोज भर समुद्रात लांब जायचे असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डिझेलची मोठी बोटच हवी.

एका बाबतीत मात्र उघडी बोट कमी पडते. सावली नसते आणि कठडा बुटका असतो. कापडी छत बसवता येते, कठड्याचे काय? म्हणून बोट घेताना इंजिनाआधी कठड्याची उंची पाहावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. टाकी हवेशीर जागी आहे ना, हेही पाहावे. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेलीच असावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीड बोटीची धडक बसून अनेकांचे जीव गेले, हे विसरू नये. माणशी एक जॅकेट हवे, आणि मुलांना मुलांच्याच मापाचे.

कागदपत्रांशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या बोटीच्या नादी लागू नये. नोंदणी आणि विमा पाहूनच बोलणी करावी.

आणि विक्रेता सकाळी, पाणी शांत असताना बोट दाखवतो. बयाणा देण्यापूर्वी घरच्या सगळ्यांना बसवून दुपारी तीननंतर, वारा सुटल्यावर, एक फेरी मारून पाहावी.