बीएमएसच्या आधी इन्व्हर्टर थांबला पाहिजे

ट्युब्युलर बॅटऱ्या काढून लिथियम बसवण्याची कामे आता तालुक्याच्या गावीही निघू लागली आहेत. 'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागले आणि छतांवर पॅनेल चढली. वीज गेली की ग्रिड-टाय इन्व्हर्टरही बंद होतो, हे ग्राहकाला नंतर कळते आणि मग तो बॅकअप मागतो. हायब्रिड इन्व्हर्टर एका कंपनीचा, बॅटरी दुसरीची, दोन्हींवर '४८ व्होल्ट' छापलेले. तेवढ्या भरवशावर जोडणी होते आणि काही दिवसांनी फोन येतो: बॅटरी मेली.

बऱ्याचदा ती मेलेली नसते. लेड-ॲसिडच्या हिशेबाने इन्व्हर्टरचा लो कटऑफ १२ व्होल्टला १०.५, म्हणजे ४८ च्या बँकेला ४२ असतो. १६ सेलच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकमध्ये ४२ व्होल्ट म्हणजे सेलमागे २.६ च्या आसपास, आणि तीही सरासरी. एखादा अशक्त सेल त्याआधीच २.५ ला टेकतो आणि पॅकमधला बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) लाइन तोडतो. टर्मिनलला मीटर लावला तर व्होल्टेज नाही. अनेक चार्ज कंट्रोलरना चार्जिंग सुरू करायला आधी बॅटरीचे व्होल्टेज दिसावे लागते. ते दिसत नाही म्हणून चार्जिंग नाही आणि चार्जिंग नाही म्हणून बीएमएस उठत नाही. भर उन्हात घर बंद. अशी बॅटरी कंपनीकडे परत पाठवण्याआधी बाहेरून लिथियम चार्जर लावून पाहा.

वरच्या टोकाला धोका जास्त आहे. ४८ व्होल्टच्या नावाखाली १५ सेलचेही पॅक विकले जातात आणि १६ चेही. सेलची कमाल ३.६५ धरली तर १५ सेलचा पॅक ५४.७५ ला भरतो, १६ चा ५८.४ ला. १६ सेलची ५६.४ ची सेटिंग १५ च्या पॅकला दिली, तर बीएमएस रोज दुपारी तोडणार, तेही एमपीपीटी पूर्ण करंट ढकलत असताना. त्या क्षणी करंटला जायला जागा उरत नाही, डीसी बाजूचे व्होल्टेज उसळते आणि कधी कधी इन्व्हर्टरचे कार्डच जाते. म्हणून डब्यावरचा आकडा सोडा, सेल किती ते विचारा. इक्वलायझेशन बंद आणि टेंपरेचर कॉम्पेन्सेशन शून्य, ही दोन्ही कामे पहिल्याच दिवशी करायची.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नेहमीच्या वापरात बीएमएसवर तोडण्याची वेळ येताच कामा नये. फ्यूज उडवून कोणी पंखा बंद करत नाही. १६ सेलला चार्ज ५६ ते ५६.४, फ्लोट ५४ आणि लो कटऑफ ४८ ठेवला, तर दोन्ही टोकांना मोकळी जागा राहते. बॅटरी कंपनीच्या कागदावर वेगळे आकडे असतील तर अर्थातच ते पाळावेत.

करंटचा हिशेबही आधी करा. ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर बॅटरीतून १०५ अँपिअरच्या वर ओढतो, बॅटरी उतरली की आणखी. तिथे १०० अँपिअरचा बीएमएस टिकायचा नाही. पंपाची मोटर उचलताना तर मुळीच नाही.

आता इन्व्हर्टर आणि बीएमएस यांच्यात माहिती नेणारी कॅनची केबल. आरजे-४५ ची लॅन केबल दोन्हीकडे बसते म्हणून जोडणी बरोबर झाली असे नाही. कॅन-हाय आणि कॅन-लो बऱ्याच ठिकाणी ४ आणि ५ नंबरच्या पिनवर असतात, पण सगळीकडे नाही. दोन्ही मॅन्युअल समोर ठेवून पिन जुळवा. सप्लाय बंद करून त्या दोन तारांत रेझिस्टन्स मोजा: ६० ओहम आला तर दोन्ही टोकांचे टर्मिनेटर जागेवर आहेत, १२० आला तर एक राहिला आहे. स्क्रीनवर बॅटरीची टक्केवारी उमटली की बहुतेक जण निघतात. टक्केवारी वाचणे आणि बीएमएसने पाठवलेली करंटची मर्यादा पाळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बीएमएसच्या ॲपमध्ये सोय असेल तर उन्हाच्या वेळी चार्ज करंटची मर्यादा २० अँपिअरवर आणा आणि इन्व्हर्टर खाली येतो का ते बघा. मग केबल उपटून बघा. काही इन्व्हर्टर थांबतात, काही आपल्या व्होल्टेज सेटिंगवर चालत राहतात. दुसऱ्या प्रकारात त्या सेटिंगच बॅटरीला वाचवतात, म्हणून 'लिथियम मोड' निवडला तरी त्या कोऱ्या सोडू नयेत.

कंपन्यांकडून जुळणीची यादी मागताना फर्मवेअरच्या आवृत्तीसह, लेखी मागा. 'चालेल' हा डीलरचा फोनवरचा शब्द वॉरंटीच्या वेळी उपयोगाचा नसतो. पुढील अंकापासून आम्ही वाचकांनी प्रत्यक्ष जुळवून पाहिलेल्या जोड्या छापणार आहोत. इन्व्हर्टर व बीएमएसचे मॉडेल, दोन्हींचे फर्मवेअर, प्रोटोकॉल, पिनची जोडणी, सेलची संख्या आणि शेवटी ठेवलेल्या सेटिंग कळवा. न जुळलेल्या जोड्याही तितक्याच सविस्तर पाठवा.