दूध डेअरीला, घरात कोरा चहा



साखरेचा आजार हा गादीवर बसून खाणाऱ्या शेठजीचा, अशी आपली समजूत होती. आज शिरूर-दौंडच्या कुठल्याही पारावर विचारून पाहा. कुणाच्या खिशात साखरेची गोळी निघते, कुणाच्या बी.पी.ची. त्यात उभा जन्म कुळवामागे गेलेलेही आहेत.

राबणाऱ्याला हा रोग कसा जडला? निम्मे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडले आहे. वढू बुद्रुकच्या कामामुळे शिरूरकरांना ठाऊक असलेल्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची पाहणी सुरू केली. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनला ते ३.५ किलो होते. पण खरी गोष्ट पुढेच आहे. आपली बाळे मांसाने कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. दिसायला काटकुळी, आतून चरबीची. असे शरीर पुढे साखरेच्या आजाराला लवकर बळी पडते. म्हणजे रोगाचे बी आईच्या पोटातच पडते.

सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. आणि ज्या बाया पालेभाजी, फळे, दूधदुभते वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे वजनाने चांगली होती. नुसते पोटभर खाण्याने तो फरक पडला नाही.

हे बी-१२ भाकरीत नाही, डाळीत नाही, भाजीतही नाही. ते दुधात, दह्यात, अंड्यात, मटणात असते. आता आपल्या घरातले दूध कुठे जाते ते आम्ही सांगायला नको. शेण तिने काढायचे, चारा तिने आणायचा, धार तिने काढायची, किटली डेअरीला. तिच्या कपात कोरा चहा, वर दोन चमचे साखर. जेवायलाही तीच शेवटी, कालवण तळाला गेल्यावर.

दूध विकू नका असे आम्ही म्हणत नाही. किराणा आणि पोरांची फी त्यावरच चालते. दुधाला भाव परवडता मिळाला असता तर कपभर दुधाचा हिशेब करायची पाळीच आली नसती. पण तोवर पहिले मापटे गरोदर बाईचे, मग डेअरीचे, एवढे तरी घराघरांत ठरायला काय हरकत आहे?

ज्वारीचीही तीच कथा. मालदांडी बाजारात जाते, घरात रेशनचा गहू-तांदूळ येतो. २०१३ च्या कायद्याने गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये झाला. जानेवारी २०२३ पासून फुकट. त्याच २०२३ साली सरकारने भरडधान्य वर्षाचे ढोल वाजवले! फुकटच्या तांदळापुढे घरची ज्वारी खाणे म्हणजे चैन ठरली. कपाशीच्या रानातही पूर्वी चवळी, अंबाडी, तुरीचे तास असत. बांधाला तांदुळजा, घोळ, पाथरी. तणनाशकाने तण गेले, त्याबरोबर भाजीही गेली. आता बाजारात तांदुळजाची जुडी विकत घ्यायची, की रोज बटाट्याचेच कालवण?

एक मात्र स्पष्ट सांगतो. ज्वारी औषध नाही. कुणी सांगेल, भाकरी खा आणि गोळ्या सोडा, तर त्याचे ऐकू नका. ज्वारीत कोंडा आहे, प्रथिने आहेत. पण शेवटी तेही पिठूळ धान्य, चार-पाच भाकरी रिचवल्या तर साखर चढणारच. दोन भाकरी, सोबत मटकी-हुलग्याची उसळ, पालेभाजीचा मोठा वाडगा, ताक. गोळी डॉक्टरने सांगितली तशी चालू. बी.पी.वाल्याने लोणचे, पापड, ठेच्यातले मीठ आवरायचे. दिवसाला सगळे मिळून चमचाभर मीठ पुष्कळ झाले. आमच्यातल्या ठेचाबहाद्दरांना हे जड जाईल, आम्हालाही जाते आहे.

येत्या बैठकीला जेवण ज्वारीच्या भाकरीचे, हुलग्याच्या उसळीचे आणि ताकाचे राहील. पहिली पंगत बायांची बसेल. वाढायला पुरुषांनी वेळेवर यावे.