पाहुण्यांना बसू देऊ नका!

आई-बाबा आपल्याकडे राहायला येतात तेव्हा नेमकं काय होतं, आठवा जरा. तुम्ही बाणेरला वन बीएचकेमध्ये राहत असा, नाहीतर बंगळुरूला तिघीत मिळून, स्क्रिप्ट तीच. शुक्रवार रात्रीपर्यंत घर चकाचक. शनिवार-रविवार भटकंती, मॉल, बाहेर जेवण. आणि सोमवार उजाडला की आपण लॅपटॉपची बॅग उचलून पसार! मागे उरतात ते दोघं, एक टीव्ही आणि कुठलं बटण दाबायचं ते न कळणारं वॉशिंग मशिन. संध्याकाळी आपण विचारतो, ‘काय केलंत दिवसभर?’ उत्तर ठरलेलं : ‘काही नाही, बसलो होतो.’

हे ‘बसलो होतो’ ऐकलं की पोटात कसंतरी होतं ना? त्यावर माझ्याकडे एक उपाय आहे. थोडा जगावेगळा आहे, पण चालतो. असं घर घ्या, जिथे बसणं परवडतच नाही.

माझं घर म्हणजे एक बोट आहे. क्रूझ-बिझ नाही हं! लंडनच्या कालव्यांवर चालणारी, ५७ फूट लांब आणि जेमतेम ६ फूट १० इंच रुंद अशी लोखंडी नॅरोबोट. बाबांच्या भाषेत लांबीला दीड एसटी आणि रुंदीला एसटीपेक्षाही कमी. इथल्या जुन्या कालव्यांवरची बरीच लॉक्स सात फुटी आहेत, म्हणून बोटींची कंबरही तेवढीच. आत पलंग, ओटा, शेगडी, शॉवर, कोळशाचा स्टोव्ह, सगळं एका रांगेत. कुणाला ओट्यापासून बाथरूमकडे जायचं असेल तर दुसऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं.

का राहते? सुरुवात भाड्यामुळे झाली. स्टुडिओ फ्लॅटला अर्धा पगार जायचा. पण बोट स्वस्तात पडते हा गैरसमज आधीच दूर करते. लायसन्स, विमा, डिझेल, गॅस, कोळसा, दुरुस्ती... यादी संपत नाही. शिवाय माझ्यासारखे कायमचा धक्का नसलेले जे लोक आहेत, त्यांना १९९५च्या कायद्यानुसार एका जागी साधारण १४ दिवसांच्या वर थांबता येत नाही. बोट हलवायचीच. कालवे सांभाळणारी कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२पासून आहे, आणि २०२४च्या एप्रिलपासून आमच्यासारख्या भटक्यांना लायसन्सवर जादा आकारही लागतो. म्हणजे घर आहे, पण पत्ता नाही. दिवाळीचा फराळ दरवर्षी ऑफिसच्या पत्त्यावर येतो आणि निम्म्या चकल्या रिसेप्शनवरच संपतात.

लातूरचं गणित

२०२५च्या जूनमध्ये आई-बाबा तीन आठवड्यांसाठी आले. बाबा एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. आई प्राथमिक शिक्षिका होती. आम्ही लातूरचे. म्हणजे, जिथे २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथली मुलगी आता पाण्यावर राहते. नातेवाइकांत यावर भरपूर जोक झालेत, नवा असला तरच पाठवा!

मी बोट मुद्दाम हेजला आणून ठेवली होती. हीथ्रोहून ट्रेनने काही मिनिटांत हेज येतं आणि स्टेशनापासून कालवा जवळच. बोटीत पाय ठेवताक्षणी आईने गुडघा धरून दोन उंच पायऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. बाबा बोलले, ‘हे इन्स्पेक्शनसाठीच आलोय असं समज.’ रात्री त्यांनी मुद्दा मांडला. रिटायरमेंटची एफडी मोडायची त्यांची तयारी होती. ‘डाउन पेमेंटला घे. पण चार भिंतींत राहा.’

आता सांगा, यावर काय बोलणार? ती एफडी म्हणजे बाबांनी उमेदीची सगळी वर्षं बसच्या पोटाखाली झोपून कमावलेला पैसा. मी म्हटलं, तीन आठवडे राहून बघा, मग ठरवू.

दुसऱ्या दिवसापासून क्लास सुरू. बोटीत पाण्याची टाकी ५०० लिटरची. संपली की नळ असेल तिथे बोट नेऊन भरायची. माझे इथले मित्रमैत्रिणी राहायला आले की दोन आंघोळींत टाकी निम्मी करतात, म्हणून मी आईला समजावायला बसले. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. ‘अगं, टँकरच्या दिवसांत घर चालवलंय मी.’ मग तिने भांडी राखून विसळणं, भाजी धुतलेलं पाणी पुन्हा वापरणं, बादलीत तांब्याने आंघोळ, हे सगळं इतकं सहज सुरू केलं की टाकी माझ्या एकटीच्या वेळेपेक्षा जास्त टिकली. शॉवरला आईने हातसुद्धा लावला नाही.

विजेचंही तसंच. माझ्याकडे ११० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या आहेत, १२ व्होल्टच्या. साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणजे वापरायला मिळतात सुमारे अडीच युनिट. त्यात फ्रिज, दिवे, पंप, फोन, माझा लॅपटॉप. चार्जिंग होतं छतावरच्या सोलरवर आणि इंजिन चालेल तेव्हा. नियम झाला : ऊन असेल तर मिक्सर, नसेल तर खलबत्ता. गरम पाण्याची टाकी इंजिनच्या उष्णतेवर तापते, म्हणून तासभर इंजिन चाललं की सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या.

आणि टॉयलेट. हा विषय टाळून चालणार नाही, कारण बोटीवर तो टळत नाही. खाली चाकं लावलेली वीसेक लिटरची टाकी असते. भरली की ओढत ठरलेल्या जागी नेऊन स्वतः रिकामी करायची. आता आपली पाण्याची सवय! कागदवाल्या पाहुण्यांना तीन दिवस पुरणारी टाकी आपल्या माणसांत दीड दिवसात भरते. मी जादाच्या दोन आणून ठेवल्या होत्या. पहिल्यांदा मला ती ओढत नेताना बघून आईचा चेहरा उतरला. ‘एवढं शिकवलं ते यासाठी?’ मी म्हटलं, ‘आई, ज्याचं त्याने करायचं, यात काय वाईट?’ त्यावर ती गप्प झाली. तिसऱ्या खेपेला बाबा न सांगता हॅन्डल धरून पुढे निघाले होते.

नारळ, साडी आणि पंखा

हेजजवळच्या बुल्स ब्रिजपासून लिटल व्हेनिसपर्यंत कालव्याचा एक फाटा जातो. १८०१ साली सुरू झालेला, सुमारे २२ किलोमीटरचा, आणि वाटेत एकही लॉक नाही! गुडघेदुखीवाल्या पाहुण्यांसाठी याहून बेस्ट रूट नाही. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. बाजूला बांधलेल्या बोटी असतील तर त्याहून हळू, नाहीतर त्यांच्या ओट्यावरचा चहा सांडतो. काठावरून जॉगिंग करणारे आपल्याला आरामात मागे टाकतात.

साउथॉल-अल्पर्टनच्या पट्ट्यात पाण्यावर नारळ तरंगताना दिसतात. आपल्याच लोकांनी श्रद्धेने सोडलेले. आईने पहिला नारळ दिसताच हात जोडले. पुढे तासाभरात इंजिनचा आवाज जड झाला आणि बोट रेंगाळायला लागली. पंख्यात काहीतरी अडकलं होतं.

अशा वेळी इंजिन बंद करायचं, किल्ली काढून खिशात ठेवायची आणि मागच्या बाजूचं वीड हॅच नावाचं झाकण उघडायचं. त्यातून हात थेट पंख्यापर्यंत जातो. बाबांनी बाह्या सरसावल्या, ब्रेड कापायची सुरी मागितली आणि पालथे पडले. वीस मिनिटांनी हातात आली ती जांभळ्या साडीची काठासकट पाच-सहा वार चिंधी. ‘काठ बरा होता,’ आईची कॉमेंट! मी एकच गोष्ट तीनदा बजावली : झाकण घट्ट कसून बसवायचं. सैल राहिलं तर पंखा फिरायला लागताच पाणी आत उसळतं, आणि बोटी अशानेच बुडतात. बाबांनी स्क्रू आवळला, मग पुन्हा एकदा आवळून पाहिला. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा इंजिनबद्दल आपणहून बोलले.

मग काय, इंजिन त्यांचंच झालं! सकाळी उठून ऑइलची पट्टी बघणं, कूलंट बघणं, पंख्याचा दांडा बोटीतून बाहेर जातो तिथे ग्रीसचा आटा फिरवणं, तळाशी साचलेलं पाणी तपासणं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं त्यांना शिकवावं लागलं नाही, लातूरच्या घरी इन्व्हर्टर आहेच. २५० तासांनी ऑइल बदलायचं असतं. माझ्या वहीत २३१ तास दिसले, तर म्हणाले, ‘मी आहे तोवर करून टाकू.’ इतकी वर्षं मी बाबांना दमून घरी आलेलं पाहिलं होतं, काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. मी टॉर्च धरून उभी होते आणि ते प्रत्येक नटाला नावानिशी ओळखत होते.

वास नसलेली गोष्ट

सगळंच मजेत झालं असं नाही. एका रात्री पाऊस पडून गारठा वाढला तेव्हा आईने वाऱ्याची झोत येते म्हणून दाराजवळच्या झडपेत टॉवेल कोंबला. स्टोव्ह पेटलेला होता. मी टॉवेल काढला तर ती चिडली, ‘मला थंडी वाजतेय आणि तुला नियम सुचतायत!’

त्या झडपा शोभेच्या नसतात, मंडळी. छोट्याशा बंद जागेत जळण नीट जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. म्हणून इथे २०१९पासून राहत्या बोटींवर त्याचा अलार्म सक्तीचा आहे आणि दर चार वर्षांनी बोटीची सुरक्षा तपासणी होते. गॅसचा सिलिंडरही आत ठेवत नाहीत. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. त्याचा कप्पा वेगळा असतो, बाहेर तोंड असलेला. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘आणि तू इथे एकटी झोपतेस?’

त्या प्रश्नाला अलार्म हे पूर्ण उत्तर नाही, मला माहितेय. मी तिला दुसऱ्या दिवशी टेस्टचं बटण दाखवलं. तेव्हापासून दर रविवारी फोन आला की पहिलं वाक्य : ‘वाजवून दाखव.’ मी फोन अलार्मजवळ धरते, तो कर्कश्श वाजतो, मग आम्ही बाकीचं बोलतो.

एफडीचं काय झालं?

अल्पर्टनला आठवडाभर थांबलो. ईलिंग रोडवर तोंडली, कढीपत्ता, कोथिंबीर सगळं मिळतं, आणि २०१० साली उघडलेलं सनातन हिंदू मंदिरही तिथेच. मी ऑफिसला जायचे तेव्हा मागे दोघांच्या ड्युट्या लागलेल्या असायच्या. आई सोलरचा मीटर बघून स्वयंपाकाची वेळ ठरवायची. बाबा दोर तपासायचे, छत पुसायचे, शेजारच्या बोटवाल्याशी खाणाखुणांनी डिझेलवर चर्चा करायचे. संध्याकाळी ‘काय केलंत दिवसभर’ हे मला विचारावंच लागायचं नाही, दार उघडायच्या आत दोघं एकदम सांगायला लागायचे.

पुढे केन्सल ग्रीनकडे जाताना कालवा एका पुलावरून नॉर्थ सर्क्युलर रोड ओलांडतो. खाली गाड्यांची रांग, वर आम्ही. सुकाणू बाबांच्या हातात होतं. ते म्हणाले, ‘बोटीला खालून डांबर कधी मारतात?’ दोन-तीन वर्षांनी, मी म्हटलं. बोट पाण्याबाहेर काढावी लागते, गंज खरवडायचा, डांबर मारायचं, गंज आपल्यावर घेणारे धातूचे ठोकळेही बघायचे. खर्च बराच येतो. थोडा वेळ गेला आणि म्हणाले, ‘एफडी असू दे मग. डांबराला कमी पडले तर सांग.’

आईचं मत अजून बदललेलं नाही. शेजारपाजारी ती सांगते, ‘मुलगी पॅडिंग्टनला असते’, जे अगदीच खोटं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, त्यामुळे त्या दोन पायऱ्या पुन्हा कधी जमतील ते डॉक्टर सांगतील. मी मधली एक बुटकी पायरी आणि एक दांडा बसवून घेतलाय.

आता तुमच्यासाठी, बोट नसली तरी चालणारा फंडा :

• पाहुणे येण्याआधी घर परफेक्ट करू नका. एक गळका नळ, एक सैल बिजागरी शिल्लक ठेवा.

• काम सोपवताना खोटं काम देऊ नका. त्यांना लगेच कळतं.

• ज्या गोष्टीने जिवाला धोका आहे ती पहिल्या दिवशीच सांगा. गॅस, गीझर, लिफ्ट, गच्ची... लाजू नका.

• त्यांना जे येतं ते त्यांच्याकडून शिका. टॉर्च तुम्ही धरा.

आणि सोमवारी ऑफिसला निघताना ‘आराम करा हं’ असं म्हणू नका. आराम त्यांच्याकडे भरपूर आहे.