भात्याच्या घड्या

पेटीचा भाता दाबला की हवा बाहेर पडते, यात नवल कसले? नवल भूमितीत आहे. कडक पत्रे बिजागऱ्यांनी जोडून सर्व बाजूंनी बंद आकार केला आणि त्यात कुठेही खळगा नसला, तर तो हलतच नाही, हे फ्रेंच गणितज्ञ कोशी यांनी १८१३ मध्ये सिद्ध केले. हलू शकणारा, खाचाखळग्यांचा आकार रॉबर्ट कॉनेली यांनी १९७७ मध्ये शोधला. पण असा आकार कसाही हलवला तरी आतले घनफळ तसूभरही बदलत नाही, हेही पुढे सिद्ध झाले. म्हणजे निव्वळ कडक पत्र्यांचा भाता हवा फेकूच शकत नाही!

भुलीच्या यंत्रातला भाता हवा देतो, तो त्याचे रबर वाकते म्हणून. हा ताण येतो घड्यांवर, आणि चीरही तिथेच पडते. भाता गळू लागला की ठरलेली हवा रुग्णाच्या फुप्फुसांत पोहोचत नाही. शस्त्रक्रियेआधीची गळती-चाचणी म्हणजे रजिस्टरात बरोबरची खूण करणे नव्हे. यादी लांबली म्हणून ती उरकून चालणार नाही. आणि नव्या यंत्राच्या मागणीपत्रात सुटा भाताही पहिल्या दिवसापासून असायला हवा.