पट्टा कोणाच्या गळ्यात?



ज्वारी हुरड्यावर आली की वावरात जागल सुरू होते. मचाणावर माणूस, खाली कुत्रे, हातात बॅटरी आणि वाजवायला पिंप. पहाटे जरा डोळा लागतो आणि तेवढ्यात डुकरांचा कळप अर्धा एकर लोळवून जातो. अशा शेतकऱ्याला कोणी सांगितले, की कुत्र्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधा आणि डुक्कर कुठे अडवले ते हातातल्या यंत्रावर पाहा, तर त्याचे मन ओढणारच. बैठकांतून याबद्दल विचारणा होते, म्हणून हा हिशेब मांडतो.

पहिला हिशेब कायद्याचा. हे पट्टे परदेशात शिकारी कुत्र्यांसाठी बनले. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे. पाठलाग, हाका, फासे आणि तसा प्रयत्नही शिकारीतच मोडतो. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत कलम 11 प्रमाणे लेखी परवानगी मिळू शकते. तो कागद हाती नसताना कुत्रे मागावर सोडले, तर पट्ट्यातली नोंद आपल्याच विरुद्ध पुरावा होईल. धुऱ्यावर भुंकून राखण करणारा कुत्रा वेगळा आणि माग काढून डुक्कर गाठणारा वेगळा, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा हिशेब यंत्राचा. उपग्रहाकडून पट्ट्याला स्वतःची जागा कळते, एवढेच. ती आपल्यापर्यंत पोचवायला सिमकार्ड तरी लागते किंवा रेडिओलहरी तरी. रेडिओच्या यंत्रावर लिहिलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. मध्ये अजिंठ्याच्या डोंगराची एक धार आली की कुत्रा नकाशावरून नाहीसा. शिवाय अमेरिकेतले असे बरेच पट्टे 151 ते 154 मेगाहर्ट्झवर चालतात, आणि त्या लहरी आपल्याकडे विनापरवाना वापरायला खुल्या नाहीत. काही यंत्रे उपग्रहावरून संदेशही पाठवतात. तसले यंत्र विनापरवाना जवळ सापडले म्हणून 2024च्या डिसेंबरात गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी महिलेला ताब्यात घेतले होते. किल्ल्यांना लावायची ब्लूटूथची स्वस्त बिल्ली तर आसपास कोणाचा फोन असेल तरच जागा सांगते. रात्रीच्या वावरात ती बिनकामाची.

राखणीचा कुत्रा हरवू नये एवढ्यासाठी पट्टा घ्यायचाच असेल, तर सिमवाला घ्यावा. आपल्या वावरात ज्या कंपनीची रेंज येते तिचेच सिम घालावे. पट्टा फक्त 2जीवर चालणारा असेल तर त्यात जिओचे सिम चालणार नाही. दर काही सेकंदांनी जागा पाठवली की बॅटरी लवकर बसते, म्हणून ती किती रात्री टिकते ते विचारावे. वर्षाचे रिचार्ज किमतीत धरावे. विजेचा झटका देणारा पट्टा मुक्या जनावराला लावू नये. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला वावरात आणून यंत्र चालवून दाखवायला लावावे. बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहून आपण किती वेळा फसलो, ते आठवा.

तिसरा हिशेब सगळ्यांत मोठा. 2019च्या फेब्रुवारीत यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात टी1सी1 या तरुण वाघाला पट्टा बांधला गेला. पावसाळ्याच्या तोंडाला तो निघाला. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाची शिवारे तुडवत, सुमारे 1300 किलोमीटर चालून, डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तासातासाला त्याची जागा नोंदली जात होती. तो पऱ्हाटीतून गेला, नाल्यांनी गेला, रात्री आपल्या गावांच्या कडेने गेला. 2020च्या एप्रिलात पट्टा काढला, तोवर त्याची चाल 3000 किलोमीटरच्या घरात गेली होती.

वाघाचा आम्हाला दुस्वास नाही. पण एका वाघाचा तासातासाचा ठावठिकाणा ठेवता येतो, तर ज्ञानगंगेच्या भोवतीचे रोह्यांचे कळप कोणत्या वाटेने कधी वावरात उतरतात, हे का नोंदता येऊ नये? पट्टा रोह्याच्या गळ्यात बांधा, वाटा गावाला सांगा आणि कलम 11 ची परवानगी पीक उभे आहे तोवर द्या. कणसे खाऊन झाल्यावर आलेला कागद चुलीत घालण्याच्याच लायकीचा.

हे मागायचे तर नोंद आपणही ठेवली पाहिजे. त्यासाठी पट्टा विकत घ्यायला नको, कारण जीपीएस खिशातल्या फोनमध्येच आहे. नुकसान दिसले की त्याच सकाळी ठिकाण नोंदवणारा फोटो काढा, तारीख, गट नंबर आणि किती गुंठे गेले ते वहीत लिहा, आणि पंचनाम्याचा अर्ज देऊन पोच घ्या. कुंपणात वीज सोडू नका. त्या तारेवर डुकराच्या आधी शेजाऱ्याचा पोरगा किंवा आपलाच कुत्रा जातो.

जिल्हा बैठकीला येताना ती वही बरोबर आणा. प्रत्येक गावची वही एकाखाली एक ठेवली, की जिल्ह्याचा नकाशा आपोआप तयार होईल. तो घेऊनच साहेबांच्या दारात जाऊ.